उन्हाळी फेरी: कशेळीचा हत्ती साडेसहाला दिसतो

एप्रिलपासून चालू असलेल्या फेऱ्यांची ही नोंद. या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या आसपासची उघड्यावरची चित्रं सायकलवरून बघायची असं ठरवलं होतं. पुण्याच्या एका मित्रानं विचारलं, कोकणात रस्त्यावरची चित्रं कुठे आली? भरपूर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती आहेत, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या रंगवलेल्या नाळा (पुढची टोकं) आहेत, आणि सगळ्यात जुनं दालन म्हणजे सड्यावरची, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावरची कातळशिल्पं, खडकात कोरलेली जुनी चित्रं. ती आडवी आहेत, पायाखाली आहेत, एवढाच फरक.

पहिली फेरी फुकट गेली. रत्नागिरीहून साडेसहाला निघालो. भाट्याच्या पुलावर खाडीचा गार वारा होता, पुढचा चढ घामाशिवाय गेला आणि पावसला मिसळपाव खाऊन मी निवांत झालो. तिथेच चुकलं. पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीमार्गे कशेळीच्या सड्यावर पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. कातळ तव्यासारखा तापला होता. माहिती वाचून आलो होतो, इथला कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरचा आहे हे पाठ होतं, आणि त्याच्या कडेला उभा राहूनही मला धड सोंड सापडेना. ऊन डोक्यावर आलं की कोरलेल्या रेषेत सावलीच पडत नाही. सगळा जांभा एकसारखा भुरकट दिसतो.

शेजारच्या आंब्याच्या बागेतले राखणदार काका पाणी घेऊन आले. म्हणाले, "आता काय दिसणार तुम्हाला? उन्हं वर आली. सकाळचं यायचं, नायतर उन्हं उतरल्यावर." या छंदात मला मिळालेला सगळ्यात उपयोगाचा सल्ला हाच.

दुसरी फेरी म्हणून उक्षी गावच्या कातळशिल्पाकडे संध्याकाळी गेलो. निवळीच्या बाजूचे चढ पाय मोडतात, पण साडेपाचला पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि तिथला हत्ती पहिल्या नजरेत दिसला. पाठीची एक लांब रेघ, मग पाय. गावानं जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा घालून तो जपलाय. परतताना मात्र अंधार झाला. पुढचा दिवा चांगला नसेल तर संध्याकाळची वेळ निवडू नका.

आता परवाची तिसरी फेरी, पुन्हा कशेळीची. आडिवऱ्याला मामेभावाकडे मुक्काम केला, म्हणजे पहाटेचं अंतर थोडंच उरलं. वहिनींनी पाच वाजता चहा आणि बाटलीभर कोकम सरबत दिलं. टायर ३५ मिलिमीटरचे आहेत, त्यातली हवा ६० पीएसआयवरून ४५ वर आणली. डांबरावर थोडं जड जातं, पण सड्याकडच्या खडबडीत वाटेवर हाताचे दणके निम्म्यानं कमी होतात. मात्र कोरीव कामाच्या जवळ सायकल अजिबात नेऊ नका. रस्त्याकडेला लावा आणि चालत जा.

सूर्य सहाच्या सुमारास वर येतो. साडेसहाला सड्याच्या पूर्व कडेनं ऊन जमिनीलगत सरपटत आलं आणि कातळावर रेषा उमटायला लागल्या. मी खोटं सांगत नाही, पाच मिनिटांत हत्ती जमिनीतून वर आल्यासारखा झाला. खाचेची एक कड उन्हात पिवळी, दुसरी काळी. कडेला बसून एका रेषेजवळ बोट धरलं तर खोली साधारण एका पेराएवढी भरली. तळ गुळगुळीत नाही, छोट्या छोट्या टोचण्यांचा आहे. हत्यार मारत मारत पुढे सरकलेला हात त्यात कळतो. हत्तीच्या अंगाच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या आहेत. एक मला पाकट माशासारखी वाटली, शेपटीसकट. तिच्या शेजारचा प्राणी कुठला ते अर्धा तास बघूनही ठरवता आलं नाही. सव्वाआठनंतर रेषा पुसट होत गेल्या. नऊला पुन्हा एकसारखा भुरकट कातळ.

म्हणून माझं ठाम मत झालंय की कातळशिल्पांचा हंगाम उन्हाळा आहे. पावसानंतर सड्यावर गवत माजतं आणि आकृत्या झाकल्या जातात. एप्रिल-मेमध्ये ते वाळून गेलेलं असतं, कातळ उघडा असतो. उन्हामुळे सायकल पहाटेच काढावी लागते, आणि चित्रांनाही तीच वेळ लागते.

ही शिल्पं आपल्यापर्यंत पोचली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई अशा मंडळींनी गावोगाव सडे पालथे घातले म्हणून. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. कशेळी आणि उक्षी त्यात आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे, गोव्याचं फणसईमळही आहे. तरी जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी सड्यावरच असतात, म्हणजे शिल्पांना धोका आहेच, हे विसरून चालणार नाही. आणि फोटोसाठी रेषांमध्ये खडू किंवा रांगोळी भरू नका, कृपा करून. तिरपं ऊन ते काम फार चांगलं करतं.

परतीच्या वाटेवर एका शाळेपाशी सायकल टेकवली. गेरू रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या वारली आकृत्या आणि त्यांच्या पायाशी दोनचा पाढा. तारपा वाजवणाऱ्याचा हात पावसाच्या ओलीनं सोलून निघालाय, तिथे कुणीतरी पोरानं पेन्सिलनं बोटं काढून दिलीत. मोजली, सहा आहेत. पूर्णगडला खाली उतरलो नाही, ऊन झालं होतं. होड्या पुढच्या खेपेला. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की सगळ्याच किनाऱ्यावर येतील.

एकूण ५१ किलोमीटर, पंक्चर एक (बाभळीचा काटा, मागचं चाक), पाणी साडेतीन लिटर. साखळीवर तांबडी धूळ इतकी बसली की घरी येऊन आधी फडक्यानं कोरडी पुसली आणि मगच तेल सोडलं. धुळीवर तेल सोडलंत तर त्याचा लगदा होऊन दाते झिजतात.

पाऊस यायच्या आत राजापूरकडच्या देवाचे गोठणे गावची कातळशिल्पं बघायचीत. तिथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. होकायंत्र हँडलबारच्या पिशवीत आत्ताच टाकून ठेवलंय. राजापुराकडून कुणी येणार असेल तर कळवा, पहाटे साडेचारला निघू.