शेजाऱ्यांनाच तो ओळखू आला नाही

रविवारच्या उपासनेत वाचायच्या उताऱ्यांच्या तीन वर्षांच्या चक्रात यंदा पहिले वर्ष चालू असल्यामुळे १५ मार्च २०२६ रोजी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपल्या चर्चमधून वाचला जाईल. एकेचाळीस वचनांच्या या अध्यायात चमत्कार दोनच वचनांत होऊन जातो. येशू थुंकीने माती कालवून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो, शिलोहच्या तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो, आणि तो मनुष्य डोळस होऊन परततो. त्यापुढे चालते ती चौकशी, आणि माझ्या मते उपवासकाळाचे खरे काम या चौकशीतच दडलेले आहे.

पहिल्यांदा गोंधळतात ते शेजारी. बसून भीक मागणारा तो हाच का, असे ते एकमेकांना विचारतात. कोणी हो म्हणतो, कोणी म्हणतो की हा नुसता त्याच्यासारखा दिसतो. तो स्वतः ‘मीच तो’ असे सांगत उभा असूनही त्यांचा वाद मिटत नाही. वर्षानुवर्षे त्याच्यावरून जाणे-येणे करणाऱ्यांच्या लक्षात त्याचा पसरलेला हात तेवढा राहिला होता, चेहरा राहिला नव्हता. म्हणून हात पसरणे थांबताच त्याची ओळखही पुसली गेली. आंधळा बरा झाला त्याच दिवशी डोळसांची दृष्टी किती अधू आहे हे उघड झाले.

आमच्या वसईत मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी खुडाव्या लागतात, कारण उमललेल्या फुलाला बाजारात भाव येत नाही. त्यासाठी पाड्यांवरच्या बाया तांबडे फुटायच्या आत वाडीवर येतात. गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास आमच्या आळीतल्या एका वयस्क बाईंबरोबर मी एस.टी. स्टँडवर उभी होते. समोर एक स्त्री, धुवट हिरवी साडी नेसलेली, मुलीच्या दाखल्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून बसली होती. सोबतच्या बाई मला हळूच म्हणाल्या, “आपल्याकडे कळ्या खुडायला येते ना, तिच्यासारखी दिसते गं ही.” ती तीच होती. तिने आम्हांला केव्हाच ओळखले होते आणि “ताई, आज खाडा केला, पोरीचा दाखला काढायचाय,” असे ती स्वतःहून सांगूही लागली. बाई तिला रोज सकाळी चहा देतात. तिचा कप पडवीच्या भिंतीवर पालथा घातलेला असतो, घरातल्या कपांत मिसळत नाही. शुभवर्तमानातले ते शेजाऱ्यांचे वाक्य मी जवळजवळ शब्दशः त्या स्टँडवर ऐकले. बोलणाऱ्या बाई मनाने चांगल्या आणि रविवारची मिस्सा कधीही न चुकवणाऱ्या आहेत, हे येथे मुद्दाम सांगायला हवे.

अध्यायाच्या आरंभी शिष्यांनी विचारलेला प्रश्नही आपल्याला अनोळखी नाही. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? एखाद्या घरी अपंग मूल जन्माला आले की आजही कोकणातल्या पडव्यांवर हेच कुजबुजले जाते. येशू दोन्ही पर्याय साफ नाकारतो. म्हणूनच आंधळेपणाविषयी प्रवचन करताना ज्यांचे डोळे खरोखर गेले आहेत त्यांना पापाचा दाखला म्हणून पुढे करणे मला अत्यंत अनुचित वाटते. या वृत्तात सर्वांत नीट पाहणारा तोच आहे.

त्याचे पाहणे पायरीपायरीने वाढते. आधी तो ‘येशू नावाचा मनुष्य’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’, मग ‘देवापासून आलेला’, आणि शेवटी “प्रभो, मी विश्वास ठेवतो” असे म्हणून नमन करतो. यातली एक गोष्ट सहसा निसटते. डोळ्यांवर चिखल घेऊन तो तळ्याकडे गेला तेव्हा त्याने येशूला पाहिलेले नव्हते, फक्त त्याचा आवाज ऐकला होता. तो डोळस होऊन परतला तेव्हा येशू तेथे नव्हता. आईबापांनी सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने अंग काढून घेतले, धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांनी दोनदा उलटतपासणी केली, शेवटी त्याला हाकलून दिले, आणि हे कळल्यावर येशू त्याला शोधत आला. ज्याच्यासाठी त्याने एवढे सोसले त्याचा चेहरा त्याला दिसला तो बहिष्कृत झाल्यानंतर.

परूश्यांवरही अन्याय करू नये. विश्रांतीच्या पवित्र दिवशी बरे करून शब्बाथ मोडला गेला ही त्यांची तक्रार धर्मनिष्ठेतूनच आलेली होती, आणि पापी मनुष्य अशी चिन्हे कशी करील, असे विचारणारेही त्यांच्यातच होते. त्यांचा घात करणारे वाक्य एकच : या मनुष्याविषयी आम्हांला ठाऊक आहे. नियम मनापासून पाळणाऱ्याला सगळे ठाऊक आहे असे वाटू लागणे फार सोपे असते, आणि उपवासकाळात आपण नियम मनापासून पाळतो. चर्चच्या नियमानुसार उपवास राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बंधनकारक आहे. तरीही आपल्या कितीतरी घरांत चाळीस दिवस मासळी शिजत नाही, लग्ने थांबतात, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला माणसे उन्हातून चालत येतात. हे मला मनापासून प्रिय आहे. परंतु राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी वाचला जाणारा यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय देवाला हवा असलेला उपवास सांगताना भुकेल्याला अन्न द्यायला सांगतो, उघडा दिसल्यास त्याला वस्त्र द्यायला सांगतो, आणि आपल्याच माणसापासून तोंड लपवू नये असेही बजावतो. उघडा ‘दिसल्यास’, म्हणजे आधी तो दिसायला हवा.

मासळी-मटणाचे वाचलेले पैसे आपण पाकिटात घालून दानपेटीत टाकतो आणि त्यांचे काय करायचे ते समिती ठरवते. यंदा त्यातला काही भाग पाड्यावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यावा, असे ठरत आहे. रक्कम आणि वस्तू ठरवण्याआधी आपल्यापैकी चौघांनी पाड्यावर जावे, त्या बायांच्या ओटीवर बसून त्यांच्या हातचा चहा घ्यावा, त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारावे, आणि कोणाच्या वाडीवर कोण येते हे नावानिशी माहीत करून घेऊनच निघावे, असा अर्ज मी पॅरिश कौन्सिलकडे दिला आहे.