अर्ध्या मिलिमीटरची रेघ

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन कारखान्यात गेलो होतो. तिथल्या क्वालिटी विभागातल्या बाईंनी एकाच्या हातात शाफ्ट, म्हणजे यंत्राचा गोल दांडा, आणि बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर दिला. ड्रॉइंगवर २५ एच७ लिहिलेलं, म्हणजे व्यास २४.९७९ ते २५.००० मिमीच्या आत हवा. मुलगा म्हणाला, "२४.४९. रिजेक्ट." बाईंनी पाहिलं तर २४.९९! मायक्रोमीटरच्या स्लीव्हवरची, म्हणजे खुणा कोरलेल्या स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्याने धरलीच नव्हती. चांगला शाफ्ट भंगारात गेला असता. याच मुलाने परीक्षेत मायक्रोमीटरची नावांसकट सुबक आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पेपर मीच तपासला होता.

अभ्यासक्रम बदलायच्या समितीत मी गेलो तो यामुळे. कंपन्यांची माणसं बोलावली. आधी सगळ्यांनी रोबॉट आणि एआयचं नाव घेतलं. खोदून विचारल्यावर मात्र निघालं ते साधंच: ड्रॉइंग वाचता यावं, माप नीट घेता यावं, चूक झाली तर लपवू नये. एका कंपनीला फक्त तिचंच सॉफ्टवेअर शिकवून हवं होतं. त्यांना मी सरळ नाही म्हटलं. ते त्यांनी नोकरी दिल्यावर शिकवावं.

खरी ओढाताण पुढे झाली. नवा विषय घालायला सगळे तयार, जुना काढायला कुणीच नाही. प्रत्येक धड्यामागे कुणाच्या तरी शिकवण्याच्या तासांचा कार्यभार असतो, हे मला तेव्हा उमगलं. काही महिने वर्गात, काही महिने कारखान्यात, ही कल्पना तर 'नवं फॅड' म्हणून उडवलीच जात होती. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हे १९०६ सालीच सुरू केलं, जर्मनीत बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये १९७४ पासून अशा संस्था आहेत, असं सगळं मांडलं. तरी सहा बैठका गेल्या आणि शेवटी कारखान्यातल्या एका सत्रावर तडजोड झाली.

इंटर्नशिपच्या नुसत्या शिक्क्याला गुण देणं बंद केलं. आता रोजचं लॉगबुक, त्यात स्वतः घेतलेली मापं, आणि प्रात्यक्षिकाला कारखान्यातला परीक्षक. पहिल्या वर्षी निकाल दणकून आपटला आणि बोलणी मला बसली. दुसऱ्या वर्षी जरा सावरला.

आकृतीचा प्रश्न मात्र अजून पेपरात आहे. तो काढायला अभ्यास मंडळात मला बहुमत मिळालं नाही.