डिफरेन्शियल बदलल्यावर ऑटोमॅटिक गिअरचं गणित पुन्हा बसवताना

मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकं एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा, बदललं की जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर भलत्याच वेगाला पडायला लागतात, आणि स्पीडोमीटरकडे बघून ते कळत नाही. आमच्या मर्सिडीज ३०० डीवर, म्हणजे डब्ल्यू १२३ वर, हे सगळं निस्तरायला बराच काळ गेला. अशा जुन्या ऑटोमॅटिक गाड्या जिवापाड जपणारे गोव्यात अजून आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी मामांनी आखातातून परत येताना आणलेली. पाच सिलिंडरचं तीन लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, ८८ अश्वशक्ती, आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या पावसाळ्याआधी मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, उघडून बघितलं तर डिफरेन्शियलमधल्या, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या संचातल्या, पिनियनचे (लहान गिअरचे) दात खाल्लेले. मूळचा ३.४६ चा डिफरेन्शियल शोधून सापडेना. मुंबईला कुर्ल्यात मिळाला तो ३.०७ चा, टर्बो मॉडेलवर येणारा. तोच घेतला. भंगारातल्या मालाच्या बोलीवर जायचं नसतं, म्हणून बसवल्यावर पहिल्यांदा खात्री केली. गाडी न्यूट्रलला, मागची दोन्ही चाकं अधांतरी, एक चाक कोणीतरी घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्यावर) मारलेली खडूची रेघ किती फिरते ते मोजायचं. ३.४६ असता तर रेघ साडेतीन फेऱ्यांच्या जवळ गेली असती. ती तीन फेऱ्या पुऱ्या करून बोटभर पुढे सरकून थांबली. म्हणजे माल खरा होता.

पहिले काही दिवस गाडी हायवेला छान वाटली. ताशी ८० ला चौथ्यात इंजिन पूर्वी मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, ते आता २,१३० वर आलं, त्यामुळे आत बोलणं ऐकू येऊ लागलं. त्रास व्हायचा तो फोंडा–पणजी रस्त्यावर. म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम हा पट्टा पन्नास-साठच्या वेगाचा, आणि त्या वेगात चौथा पडायचाच नाही. बाणस्तारीच्या पुलापर्यंत गाडी तिसऱ्यात घुमत राहायची. काट्याकडे बघितलं तर सगळं जवळजवळ पूर्वीसारखंच दिसायचं. आधी काटा ५३ वर आला की चौथा पडायचा, आता ५७ च्या आसपास पडत होता.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही. या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते आणि गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा गव्हर्नरही तिथल्याच आउटपुट शाफ्टवरून, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्यावरून, फिरतो. डिफरेन्शियल त्या दोघांच्या नंतर, चाकांच्या बाजूला. त्यामुळे तो बदलला की दोघंही एकाच मापाने चुकतात. ३.४६ भागिले ३.०७ म्हणजे १.१२७. काटा ५३ दाखवतो तेव्हा गाडी खरी ६० ने पळत असते. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून बसलो तेव्हा हा फरक डोळ्यांनी दिसला. वेगमर्यादेच्या दृष्टीनेही हे वाईटच.

गव्हर्नर म्हणजे फिरणारी वजनं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्या प्रमाणात तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटरला जोडलेली केबल पेडल किती दाबलंय त्या हिशेबाने दाब तयार करते. वाल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाटांच्या ठोकळ्यातल्या, शिफ्ट वाल्व्हवर हे दोन दाब समोरासमोर रेटतात. गव्हर्नरचा दाब वरचढ झाला की वरचा गिअर पडतो. नवीन गुणोत्तरात गाडी ओढायला पेडल थोडं जास्त दाबावं लागतं, म्हणजे केबलचा दाबही वाढतो, आणि गिअर आणखी लांबतो. प्रत्यक्षात चौथा ६० ला नव्हे, तर ६४-६५ ला पडत होता तो यामुळे.

ढवळीच्या मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. ते मूळचे सावंतवाडीचे, या गिअरबॉक्सवर त्यांचा हात बसलेला. मी केबलचं बोललो तर म्हणाले, “केबल शेवटी. आधी व्हॅक्यूम बघूया. तो गळत असेल तर तुम्ही फिरवाल ते सगळं वाया.” त्यांचं हे म्हणणं मला आज शंभर टक्के पटतं. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळत नाही, तो वेगळ्या पंपातून येतो, आणि इंजेक्शन पंपावरचा एक वाल्व्ह पेडलनुसार तो कमी-जास्त करून गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला पाठवतो. मॉड्युलेटर गिअर कधी पडावा हे ठरवत नाही. किती घट्ट किंवा मऊ पडावा ते ठरवतो. अनेक जण गिअर लवकर पडावा म्हणून मॉड्युलेटर फिरवत बसतात आणि क्लच जाळून घेतात.

हातपंप लावून एकेक नळी तपासली. आमच्या खाऱ्या दमट हवेत रबराचं काय होतं ते तेव्हा दिसलं. मॉड्युलेटरजवळचा बोटाच्या पेराएवढा एल्बो, म्हणजे रबराचा वाकडा जोड, वरून काळाभोर, धडधाकट. वाकवला की आतल्या बाजूला केसासारख्या चिरा. पंपाचा काटा टिकतच नव्हता. नवीन एल्बो घातला आणि काटा जागेवर उभा राहिला. मॉड्युलेटरच्या नळीत तेल नव्हतं, म्हणजे आतला पडदा शाबूत होता. तेलाची पातळी इंजिन गरम करून, पार्कमध्ये चालू ठेवून बघितली. गव्हर्नरही काढून धुतला, कारण वजनं चिकटून बसली असतील तर पुढचं सगळं मोजमाप खोटं.

गव्हर्नर हातात असताना वजनं जड करून घ्यायची का, ही चर्चा झाली. हिशेब सोपा आहे. वजनांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आउटपुट शाफ्ट आता त्याच खऱ्या वेगाला आधीच्या ०.८८७ पट फिरतो, त्याचा वर्ग ०.७९, म्हणजे जुन्या वेगाला जुना दाब हवा असेल तर वजन सव्वापटीहून जास्त लागणार. पण तसं केलं असतं तर पूर्ण पेडल दाबल्यावर इंजिन पुरतं फिरायच्या आतच वरचा गिअर पडला असता, आणि विनाटर्बो ८८ अश्वशक्तीत तेवढं सोडून देणं परवडणारं नाही. पूर्ण पेडलला इंजिनाचे फेरे गुणोत्तर बदलूनही तेच राहतात, तिथे काही बिघडलेलंच नव्हतं. बिघडलं होतं ते हलक्या पेडलला. म्हणून गव्हर्नर जसा होता तसाच ठेवला, आणि तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं.

राहिली ॲक्सिलरेटरची केबल. ती ताणली की गिअर उशिरा, सैल केली की लवकर. एका वेळी थोडीशीच फिरवायची, नट घट्ट करायचा, गाडी पुरती गरम करायची आणि रस्त्यावर जायचं. माझा धाकटा भाऊ शेजारी वही घेऊन बसायचा, मी “पडला” म्हटलं की जीपीएसवरचा आकडा लिहायचा. हलकं पेडल, निम्मं, पूर्ण, असे तीन रकाने. दुसरा-तिसरा आणि तिसरा-चौथा वेगवेगळे. नेहमी तोच सपाट पट्टा, सकाळी लवकर, ट्रक सुरू व्हायच्या आधी.

किती सैल करायची याचं उत्तर मात्र सपाटीवर मिळत नाही. सपाटीवर चौथा ५० ला पडला तरी गाडी गोडच वाटते. उसगाव, धारबांदोडा ओलांडून मोल्याच्या पुढे अनमोड घाट सुरू झाला की त्याची किंमत कळते. या इंजिनाचा जोर २,४०० फेऱ्यांच्या आसपास आहे. चौथ्यात ते १,५०० च्या खाली ओढायला लागलं की स्टिअरिंग थरथरतं, आणि सैल केबलमुळे तिसरा परत पडायलाही उशीर होतो. काकांनी १,५०० ही खालची मर्यादा धरायला सांगितली. त्या हिशेबाने हलक्या पेडलला चौथा खऱ्या ५८ ला पडेल असं बसवलं. पडल्यावर इंजिन १,५५० च्या आसपास असतं. घाटात मी आता लिव्हर एक घर खाली ओढून तिसऱ्यातच चढतो.

केबल सैल केल्यावर निम्म्या पेडलला दुसऱ्यावरून तिसरा पडताना मधेच इंजिन मोकळं सुटायला लागलं. दाब कमी पडत असल्याची ही खूण, आणि अशी गाडी तशीच चालवत राहणं म्हणजे क्लच घासणं. तेव्हा काकांनी मॉड्युलेटरची टोपी काढून आतला स्क्रू अगदी थोडा घट्ट केला. तिसरा आता ठामपणे पडतो, धक्का नाही. पेडल तळाशी नेल्यावर किकडाउन, म्हणजे झटक्यात खालचा गिअर, मिळतो की नाही तेही बघितलं. त्याचा पेडलखाली वेगळा विजेचा स्विच आहे, तो ठीक होता.

स्पीडोमीटर सगळ्यात शेवटी. बेळगावच्या मीटर दुरुस्तीवाल्याने केबलच्या मधे छोटा गिअरचा डबा घालून दिला. आता काटा आणि जीपीएस बरोबर चालतात, किलोमीटरही खरे मोजले जातात.

एक कसर मात्र कुठल्याही केबलने भरून निघत नाही. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.६८. पूर्वी ते मागच्या ३.४६ शी गुणून १२.७ व्हायचं, आता ११.३ होतं. फर्मागुढीच्या चढावर पाच माणसं बसवून थांबलेली गाडी उचलताना तो फरक जाणवतो. ३.४६ चा धड डिफरेन्शियल मिळाला तर मी तो घेऊन ठेवणार आहे. तो बसवला की मधला डबा काढायचा आणि केबल पुन्हा पहिल्यापासून लावायची, त्यासाठी वहीतले दोन्ही वेळचे आकडे जपून ठेवले आहेत.