रंगपेशी जगवायला शिकताना

पहिल्यांदा त्वचेचा तुकडा माझ्या हातात आला तेव्हा तो अंगठ्याच्या नखाएवढा होता. शस्त्रक्रियेत काढावीच लागलेली, दात्याने लेखी संमती देऊन संशोधनासाठी दिलेली त्वचा. डबीवर फक्त एक क्रमांक. दाता कोण, हे आम्हाला कळत नाही आणि कळूही नये. मला त्यातून रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, वेगळ्या काढून वाढवायच्या होत्या. पीएचडीचं पहिलं वर्ष होतं. महिन्याभरात जमेल असं वाटलं होतं, आठ महिने लागले.

मेलॅनोमा हा कर्करोग याच पेशींतून सुरू होतो. मला थेट मेलॅनोमावर काम करायचं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "निरोगी पेशी कशी वागते ते आधी बघ. त्याशिवाय बिघडलं काय ते कसं ओळखशील?" उंदरांवर भागत नाही, कारण उंदराच्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळाशी असतात. माणसात त्या बाह्यत्वचेच्या अगदी तळाच्या थरात बसतात आणि एकेक पेशी आपल्या लांब फांद्यांतून आसपासच्या साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगाच्या कणांचा आकार, प्रमाण आणि प्रकार यांत. हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं.

पद्धत सांगायला सोपी आहे. खालची चरबी कात्रीने साफ करायची, बारीक पट्ट्या कापायच्या आणि डिस्पेज नावाच्या एन्झाइममध्ये रात्रभर ४ अंशांवर ठेवायच्या. सकाळी दोन चिमट्यांनी धरलं की बाह्यत्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. मग ट्रिप्सिन या दुसऱ्या एन्झाइमने तिच्यातल्या पेशी सुट्या करून फ्लास्कमध्ये टाकायच्या.

पहिला फ्लास्क तिसऱ्या दिवशी गढूळ झाला. जंतू शिरले होते, सगळं फेकावं लागलं. दुसऱ्या वेळी पापुद्रा एका बाजूला चिकटून राहिला होता आणि मी तो जोर लावून ओढला. आठवड्याने फ्लास्कमध्ये लांबट, एकाच दिशेने पसरत जाणाऱ्या पेशींची गर्दी दिसली. त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे अंतर्त्वचेतले धागे बनवणाऱ्या पेशी, होत्या. ओढताना खालच्या अंतर्त्वचेचे धागे सोबत आले होते. जी४१८ हे औषध दोन दिवस देऊन पाहिलं. भराभर वाढणाऱ्या फायब्रोब्लास्टना ते जास्त बाधतं. पण तोवर रंगपेशी उरल्याच नव्हत्या. त्या रात्री मी झोपले नाही. कुणीतरी विश्वासाने दिलेली त्वचा माझ्या घाईमुळे वाया गेली होती, हे आजही मला बोचतं.

तिसऱ्या खेपेला पेशी चिकटल्या, जगल्या आणि तशाच राहिल्या. तीन आठवड्यांत एकही विभाजन नाही. माणसाच्या रंगपेशी फार सावकाश वाढतात आणि साध्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, तर वाढतच नाहीत. १९८२ साली मॅग्डालेना आयझिंगर आणि ओले मार्को यांनी त्या वाढवण्याची वाट शोधली. मीडियममध्ये त्यांनी टीपीए हे रसायन आणि कॉलऱ्याचं विष अगदी थोड्या प्रमाणात घातलं. हेच टीपीए उंदराच्या त्वचेवर गाठी वाढायला मदत करतं. निरोगी पेशीला वाढायला असा धक्का लागतो, तर मेलॅनोमाच्या बहुतेक पेशी त्याच्याशिवायच वाढत राहतात. दोघींतला फरक मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

पण मी टीपीए घालत होते, तरी पेशी हलत नव्हत्या. शेवटी लॅबमधली एक सीनियर माझी वही घेऊन बसली आणि पाचव्या मिनिटाला तिने एका आकड्यावर बोट ठेवलं. मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम हवं होतं आणि माझं द्रावण शंभर पट पातळ होतं. तीन महिने तोच हिशेब मी पुढे उतरवत आले होते.

पुढच्या तुकड्याच्या वेळी दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या. बारीक अंग, दोन-तीन लांब फांद्या, एकमेकींपासून थोडं अंतर राखून बसलेल्या. पुरेशा वाढल्यावर त्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूज फिरवलं तर तळाशी काजळासारखा काळा ठिपका जमला. पुढे दुसऱ्या एका दात्याच्या तेवढ्याच पेशी मोजून घेतल्या, तर ठिपका फिकट तपकिरी आला. दोन नळ्या शेजारी धरून मी बराच वेळ बघत उभी होते.

मग खरा प्रयोग. मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या गाठींत बीआरएएफ या जनुकात एक ठरावीक बदल सापडतो. प्रथिनातल्या ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं. २००२ साली हे कळलं. लगेच दुसऱ्याच वर्षी हेही कळलं की अंगावरच्या साध्या, निरुपद्रवी तिळांपैकी बहुतेकांत नेमका हाच बदल असतो. आम्ही विषाणूच्या मदतीने बदललेलं जनुक माझ्या पेशींत घातलं. त्या थांबल्या. पसरट झाल्या, आत पोकळ्या दिसू लागल्या आणि वार्धक्याची चाचणी केली तेव्हा निळ्या रंगल्या, म्हणजे विभाजन कायमचं थांबवून म्हाताऱ्या झाल्या होत्या. तीळ वाढता वाढता थांबतो, तसंच काहीसं. मग कर्करोग होताना ही थांबण्याची ताकद कुठे जाते? पेशीचं विभाजन रोखणारं पी१६ हे प्रथिन या थांबण्यात सामील आहे, पण सगळा भार त्या एकट्यावर नाही. २००५ साली झेब्राफिश माशांत दिसलं की नुसत्या या बदलाने तीळ येतात आणि सोबत पी५३ हे कर्करोगाला आवर घालणारं जनुक निकामी असेल तर मेलॅनोमा होतो. माणसाच्या पेशीत काय काय सुटतं, तेच मला शोधायचंय.

एक गोष्ट मात्र लॅबबाहेर सगळ्यांनाच सांगावीशी वाटते. सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांत मेलॅनोमा कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. मार लागला असेल म्हणून लोक थांबतात आणि उशीर होतो. वाढत जाणारा डाग किंवा नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कृपा करून दाखवाच.

तळपायाच्या त्वचेत रंगपेशी कमी असतात आणि तिथल्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध दिसत नाही, म्हणून आता मी तिकडे वळले आहे. परवा पहिला तुकडा आला. त्वचा जाड, कापायलाच अर्धा तास लागला. आज सकाळी चिमट्याने कड उचलून पाहिली, सुटली नव्हती. ओढली नाही. डिस्पेज बदललं आणि डबी परत ४ अंशांवर ठेवून दिली.