न्यू जर्सीत सरकारी हायस्कूल: पुण्याहून एडिसनला येताना नववीचा प्रवेश (माझा अनुभव)

न्यू जर्सीत सरकारी शाळेतला प्रवेश पत्त्यावर ठरतो. त्या गावात राहता हे सिद्ध झालं की शाळेला नाही म्हणता येत नाही, आणि फी नसते. एडिसनमध्ये अशी दोन हायस्कूलं आहेत, जॉन पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हायस्कूल. घर कुठल्या हद्दीत येतं त्यावर शाळा ठरते, त्यामुळे भाडेकरार करण्याआधी तो पत्ता कुठल्या शाळेचा हे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसला विचारून घ्यावं. आमच्या मुलीच्या नववीच्या प्रवेशात यात काही अडलं नाही. खरं काम होतं ते लसीकरणाच्या कागदांचं आणि त्याहून जास्त, गणिताच्या कुठल्या वर्गात बसवतात त्याचं.

रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार, विजेचं किंवा गॅसचं बिल, बँकेचं पत्र असे कागद चालतात. नातेवाइकांकडे उतरला असाल तर घरमालकाचं आणि तुमचं, दोघांचं प्रतिज्ञापत्र लागतं. व्हिसाचा प्रकार (एफ-१ विद्यार्थी व्हिसा सोडून) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर ही प्रवेशाची अट होऊ शकत नाही. रहिवासावरून नकार आला तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे २१ दिवसांत अपील करता येतं.

लसींची यादी नर्स तपासते आणि ती अक्षरशः तारीख बघते. पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या कार्डावर ०५/०७/२०१२ म्हणजे ५ जुलै. इथे ते ७ मे वाचतात. गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात, त्यामुळे दिवस-महिन्याची अदलाबदल झाली की चांगला घेतलेला डोसही बाद होऊ शकतो. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, महिना अक्षरात लिहून, सगळी यादी नव्याने घेतली की हा प्रश्न उरत नाही. नवव्या महिन्याला दिलेली गोवराची लस इथे मोजत नाहीत. सरकारी दवाखान्यात फक्त गोवराची लस झाली असेल तर गालगुंडाचा डोस राहिलेला असतो. पोलिओच्या थेंबांपैकी १ एप्रिल २०१६ पासून दिलेले डोस अमेरिकेत धरत नाहीत, कारण तेव्हापासून लशीतला एक प्रकार काढला गेला. तारीख न लिहिलेले पल्स पोलिओचे डोसही गेले. हेपॅटायटिस बीचे ३ डोस, कांजिण्यांचा १, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकलचा (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची लस) १-१ लागतो. आपल्याकडे दहाव्या वर्षी देतात ती बहुतेकदा टीडी असते, तिच्यात डांग्या खोकल्याची लस नसते; टीडॅप वेगळी. मेनिंगोकोकल तर सहसा झालेलीच नसते. परदेशातून येणाऱ्यांना कमी पडलेल्या लसी पूर्ण करायला ३० दिवसांची सवलत मिळते, म्हणून त्या इथे येऊन घेतल्या तरी चालतं.

टीबीची तपासणीही मागतात. बीसीजी घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी करून मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आता गणित. इथे क्रम असा असतो: अल्जिब्रा १, जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. वर्षाला एक. इथली हुशार मुलं अल्जिब्रा १ आठवीतच संपवतात. नववीत अल्जिब्रा १ ला बसवलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच गाडी पोचते, एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस राहून जातं, आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ती उणीव चांगलीच जाणवते. काउन्सेलर (मुलांचे विषय आणि वर्ग ठरवणारा शाळेतला सल्लागार) भारतीय गुणपत्रक बघतो, त्यावर नुसतं ‘गणित’ लिहिलेलं असतं, आणि तो सुरक्षित म्हणून खालच्या वर्गात टाकतो. त्याची चूक नाही. त्याच्यापुढे माहितीच नसते.

ती माहिती आपण द्यायची. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे, हे फार उपयोगी पडतं: दोन्ही भागांची अनुक्रमणिका इंग्रजीत टाइप करून, शाळेचा शिक्का घेऊन गुणपत्रकांसोबत जोडावी. त्याशिवाय प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी) मागावी, आणि लेखी ईमेलनेच मागावी. टेस्टसाठी काय शिकवून ठेवावं तेही सांगते. वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत येतात, इथे ती अल्जिब्रा १ चा मोठा हिस्सा आहेत. फंक्शन, f(x) ची मांडणी, आलेखावरून उतार काढणं आणि घातांकी वाढ, हे आपल्या आठवी-नववीत जवळजवळ नसतं. शिवाय टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर इथली मुलं रोज वापरतात. आपल्या मुलांनी कॅल्क्युलेटर हातात धरलेला नसतो. आठवी-नववीतलं मूल उन्हाळ्यात एवढं करून बसलं तर जिऑमेट्रीपासून सुरुवात व्हायला अडचण नसावी, असं माझं मत आहे. टेस्टमध्ये नाहीच जमलं तर उन्हाळ्यात एखादा ऑनलाइन कोर्स करून एक पायरी ओलांडता येते. त्याला न्यू जर्सीत ‘ऑप्शन टू’ म्हणतात. मंजुरी कोर्सला बसण्याआधी घ्यायची, नंतर आणलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

हे सगळं जूनच्या मध्याआधी हलवावं. जुन्या विद्यार्थ्यांची विषयनिवड हिवाळ्यातच होते, वेळापत्रक वसंतात बसतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये काउन्सेलर भेटणं कठीण. उशिरा येणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात. ऑनर्सचे (त्याच विषयाचे वरच्या पातळीचे) वर्ग आधीच भरलेले असतात.

हायस्कूल पूर्ण करून डिप्लोमा मिळवायला राज्याची किमान अट १२० क्रेडिटची (विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या गुणांकांची) आहे: इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५ (जीवशास्त्र त्यात हवंच), सामाजिक शास्त्र १५, आणि व्यायाम-आरोग्य दरवर्षी. अकरावीत येणाऱ्यांनी सामाजिक शास्त्राकडे लक्ष द्यावं. अमेरिकेचा इतिहास हा विषय दोन वर्षं शिकावा लागतो आणि भारतातलं इतिहास-नागरिकशास्त्र त्यात धरत नाहीत, म्हणजे उरलेली दोन्ही वर्षं त्यात जातात. विज्ञानाचं क्रेडिट मिळवायला प्रयोगांचा पुरावा लागतो, तर शाळेची प्रॅक्टिकल जर्नल्स रद्दीत घालू नका.

नोंदणीच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरायचा असतो. त्यात मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होऊ शकते. खरं तेच लिहावं. इंग्रजी माध्यमातली मुलं तिच्यात सहसा अडत नाहीत, फक्त हेडफोन लावून मायक्रोफोनशी बोलायची सवय नसते.

खेळाच्या टीममध्ये जायचं असेल तर राज्याच्या ठरलेल्या फॉर्मवर शारीरिक तपासणी लागते, आणि ती इथल्याच परवानाधारक डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरकडून, ३६५ दिवसांच्या आतली. पुण्याहून आणलेलं फिटनेस सर्टिफिकेट चालत नाही, आणि शरद ऋतूतल्या खेळांचा सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो. शाळेची बस हायस्कूलला अडीच मैलांपलीकडच्या मुलांना कायद्याने मिळते. त्याच्या आत असाल तर चालत जायची किंवा स्वतः सोडायची तयारी ठेवा.

एपीच्या परीक्षा मे महिन्यात असल्या तरी नावं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावी लागतात, नंतर दंड पडतो. एपीला १ ते ५ गुण असतात आणि किती गुणांना कॉलेज क्रेडिट देतं ते कॉलेजागणिक बदलतं.

आणि मराठी सोडू नका. न्यू जर्सीत २०१६ पासून द्विभाषिकतेची ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळते, ती डिप्लोमावर लागते. तिच्यासाठी मान्य भाषाचाचणीत मध्यम पातळी गाठावी लागते, आणि स्टॅम्प डब्ल्यूएस या चाचणीत मराठी आहे. त्यात बोलण्याबरोबर लिहिणंही तपासतात, तेव्हा देवनागरी टाइप करण्याचा सराव हवा. तुमच्या शाळेत कुठल्या चाचण्या मानतात आणि नोंदणी कधी, हे परदेशी भाषा विभागाच्या सुपरवायझरला दहावीतच विचारून ठेवावं.