निम्मी काळी काच आणि कोकणकडा

पाचनईहून गड चढायला लागलो तेव्हा सॅकमध्ये निकॉन एफएम२ कॅमेरा, वेल्विया ५० या स्लाइड फिल्मचे दोन रोल, ट्रायपॉड आणि मऊ कापडात गुंडाळलेले तीन चौकोनी फिल्टर होते. ऑक्टोबर सरत आला होता, गवत पिवळं पडू लागलं होतं. हरिश्चंद्रगडाची ही माझी चौथी खेप, पण मागच्या खेपेची एक सल मनात घेऊनच निघालो होतो.

मागच्या वेळी कोकणकड्यावरच्या संध्याकाळी लेन्सपुढे हार्ड ग्रॅड लावला होता. ग्रॅड म्हणजे आभाळाचा उजेड कमी करणारा, वर काळा आणि खाली पारदर्शक फिल्टर. त्यात काळा भाग आणि पारदर्शक भाग यांच्यामध्ये जवळजवळ रेघच असते. समुद्राच्या क्षितिजावर ती बरोबर बसते, पण सह्याद्रीत सरळ क्षितिज मिळणार कुठे? रेघेच्या वर आलेला डोंगरमाथा कोळशासारखा काळा पडला. स्लाइड लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली तेव्हा फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी सॉफ्ट ग्रॅड घेतले, हळूहळू विरळ होत जाणारे : एक, दोन आणि तीन स्टॉपचे. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. डोंगरांच्या फोटोग्राफीत हे फिल्टर रुळले त्यात अमेरिकन गिर्यारोहक-फोटोग्राफर गॅलन रॉवेल यांचा मोठा वाटा आहे.

केदारेश्वराच्या गुहेत थोडा वेळ थांबलो. थंडगार पाणी, मधोमध पिंड आणि चारांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब. तिथे फिल्टरचं काम नव्हतं. साडेचारला कड्यावर पोचलो.

घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला, पश्चिमेला तोंड केलेला हा कडा कितीदा पाहिला तरी काठाशी गेल्यावर पोटात गोळा येतो. शेजारी चहाची झोपडी चालवणाऱ्या मावशी माझी मांडामांड बघत होत्या. म्हणाल्या, “दादा, आभाळ एवढं चांगलं दिसतंय, त्याच्यापुढं काळी काच कशाला लावताय?”

प्रश्न रास्त होता. डोळ्यांना आभाळही दिसतं आणि पायाखालचं गवतही. स्लाइड फिल्मला इतका मोठा फरक पेलत नाही. जमिनीला धरून एक्स्पोजर दिलं तर आभाळ पांढरंफटक होतं, आणि तिथे फिल्मवर काही उरतच नाही. आभाळाला धरून दिलं तर कडा अंधारात जातो. मावशींना व्ह्यूफाइंडरमधून पाहायला सांगितलं आणि फिल्टर वरून खाली सरकवला. “ढगांच्या कडा दिसाय लागल्या की!” त्या म्हणाल्या.

सूर्य बुडाला तसं स्पॉट मीटरने, म्हणजे एवढ्याशा भागाचा उजेड मोजणाऱ्या मीटरने, माप घेतलं. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ ला ठेवलं तर गवत दोन सेकंद मागत होतं, आभाळ एक अष्टमांश सेकंद. म्हणजे चार स्टॉपचा फरक. होल्डरमध्ये तीन स्टॉपचा फिल्टर घातला आणि शटर एक सेकंदावर ठेवलं. आभाळ मापाला बरोबर बसलं, जमीन एक स्टॉप गडद राहिली. ती तशीच हवी होती. संध्याकाळची जमीन दुपारसारखी उजळ दिसली की चित्र खोटं वाटतं.

खरी कसोटी फिल्टर कुठवर उतरवायचा याची. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र पूर्ण उघड्या ॲपर्चरचं असतं, त्यात फिल्टरची सीमा पसरट दिसते आणि अंदाज चुकतो. डेप्थ ऑफ फील्डचा खटका दाबून ॲपर्चर एफ ११ वर आणलं. चित्र अंधारलं, पण सीमा नेमकी कळली. खालून सुसाट येणाऱ्या वाऱ्यात एका हाताने खटका धरून दुसऱ्या हाताने फिल्टर केसभर वर, केसभर खाली. त्या पाच मिनिटांत कड्याची धार मी जितकी बारकाईने पाहिली, तितकी आधीच्या तीन खेपांत मिळूनही पाहिली नव्हती. केबल रिलीज दाबली. चार फ्रेम झाल्या आणि उजेड संपला.

सकाळी पुष्करणीवर गेलो. काठावरच्या देवळ्या आणि पाण्यात उतरलेलं आभाळ. पाण्यातलं आभाळ खऱ्या आभाळापेक्षा साधारण एक स्टॉप गडद असतं, म्हणून एक स्टॉपचाच फिल्टर लावला. तीन स्टॉपचा लावला असता तर प्रतिबिंब आभाळाहून उजळ आलं असतं, आणि तसं निसर्गात कधी होत नाही.

परवा रोल धुऊन आला. कड्याच्या काठावर गवताची पाती सुटी सुटी दिसतात, वर ढगांचा केशरी पदरही शाबूत आहे. डोंगरमाथा या वेळी काळा पडलेला नाही. मावशींसाठी एक प्रिंट काढायला दिली आहे.