आगलाव्या, मास्तर आणि मी

२०२५च्या ऑगस्टात पैसे लावून खेळण्यावर बंदी घालणारा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि ऑनलाइन पोकरची पैशांची टेबलं त्याच आठवड्यात बंद झाली. खात्यातले उरलेसुरले पैसे काढून घेतले, ॲप काढून टाकलं. वही मात्र राहिली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, औषध कंपनीच्या माणसाने फुकट दिलेली. तिच्यात चार वर्षं मी समोर बसणाऱ्यांच्या नोंदी केल्या. आता त्या कुणाच्या कामाच्या नाहीत, म्हणून इथे उघडतोय.

माझं साताऱ्यात मेडिकल आहे. शटर खाली करून घरी यायला साडेदहा, जेवण, मग तेव्हा अकरा ते एक पोकर. टेबल दोन-पाचचं, म्हणजे ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी टाकायचेच पैसे) दोन आणि पाच रुपये, आणि बसायला पाचशे. बाहेरून बघणाऱ्याला हा जुगारच, आणि माझ्या आईलाही तो जुगारच. या वादात मी पडत नाही.

वहीतलं पहिलं ठळक नाव आगलाव्या. खरं स्क्रीननेम वेगळं होतं, हे मी ठेवलेलं. चाळीस डावांत एकोणतीस वेळा तो पैसे टाकून आत आला, त्यातले चोवीस वेळा रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला व्हीपीआयपी म्हणतात, शंभरातल्या किती डावांत माणूस आपणहून पैसे घालतो तो आकडा. सहा जणांच्या टेबलावर जमून खेळणाऱ्याचा तो वीस-पंचविसाच्या आसपास असतो. याचा सत्तरच्या पुढे.

आकडा कळूनही त्याने मला धुतलं. माझ्या हातात एक्का-गुलाम. त्याने नेहमीसारखे चाळीस केले, मी कॉल केलं, म्हणजे तेवढेच टाकले, बाकीचे गेले. पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, ८७. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, गुलाम, सत्ती, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. आणि या पठ्ठ्याने उरलेले ४६० सगळे आत ढकलले. ८७ रुपयांसाठी ४६०! मी दहा सेकंद थांबून कॉल केलं. त्याच्याकडे नव्वी-पंजी. काही म्हणजे काहीच नाही. शंभरात नव्वदहून जास्त वेळा हा डाव माझा. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, नव्वी आली, रिव्हरला, शेवटच्या पाचव्याला, पंजी. चॅटमध्ये त्याने एक हसरा चेहरा टाकला आणि पुढच्या डावात परत चाळीस केले.

त्या रात्री मी चिडून तीन वेळा पाचशे भरले. म्हणजे एकच्या सुमाराला टेबलावर आगलावे दोन होते आणि दुसरा मी होतो. ही नोंदही वहीत आहे, लाल पेनाने.

खरं तर असा माणूस मी लहानपणीच पाहिला होता. कोरेगावकडे आजोळी गणपतीच्या जागरणाला तीनपत्ती चालायची आणि थोरले मामा पानं न बघता ब्लाइंडवर ब्लाइंड लावत सुटायचे. बघून खेळणाऱ्याला दुप्पट टाकावे लागतात, त्यामुळे भलेभले पॅक करायचे. पण मामांनी डाव चढल्यावर पानं उचलून पाहिली आणि तरीही न बोलता चाल टाकली, की सगळी ओसरी गप्प व्हायची. मामांकडे आता खरंच आहे, हे पोरासोरांनाही कळायचं.

आगलाव्याचंही तेच. तो आरडाओरडा करतोय तोवर त्याच्याकडे काहीही असू शकतं. ज्या डावात तो अचानक चेक करतो, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देतो, किंवा नुसता कॉल करतो, तिथे पानं टाकावीत, डाव सोडावा. त्याच्यावर ब्लफ मारू नये, कारण तो पानं टाकतच नाही. आणि जमलं तर त्याच्या डाव्या हाताची खुर्ची धरावी, म्हणजे त्याने बोलून झाल्यावर आपली पाळी येते. सारखं रेज करणारा प्रत्येक जण मात्र आगलाव्या नसतो. एक दुसरा होता, तो तितकाच रेज करायचा, पण शेवटी पानं उघडली की मधली-बरी निघायची आणि समोरून जोर आला की तो निमूट निघून जायचा. त्याला वेडा समजून मी जे हरलो, ते आगलाव्याकडून हरल्याच्या दुप्पट असेल. शोडाऊनला काय पानं निघतात हे पाहिल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, हा नियम तेव्हापासून.

आता मास्तर. त्याचं स्क्रीननेम आकड्यांनी भरलेलं. अत्यंत सभ्य खेळ. तक्रारीला जागा नाही, घाई नाही, चॅट नाही. दोन महिने मी त्याला आदराने वागवलं. हा कुणीतरी निवृत्त शिक्षक असावा असं माझ्या डोक्यात का बसलं, देव जाणे.

मग एका रात्री त्याची वेळ मोजली. दुर्री-सत्ती टाकायला तीन सेकंद. पाचशेचा ऑल-इन, म्हणजे सगळेच्या सगळे पैसे, कॉल करायला तीन सेकंद. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. तीन, तीन, तीन.

यावरून हा माणूस नव्हे, प्रोग्राम आहे, असा लगेच शंख करू नये. पानं टाकायच्या बटणावर आधीच टिक करून ठेवलं की माणसाचीही पानं आपोआप पडतात. पॉटच्या दोन तृतीयांशचं बटण सगळ्यांनाच असतं, त्यामुळे बेट, म्हणजे लावलेली रक्कम, दर वेळी त्याच मापाची येणं हाही पुरावा नव्हे. न बोलणं तर अजिबातच नव्हे, मीही बोलत नाही. मला खटकलं ते एवढंच, की अवघड प्रश्नालाही त्याला सोप्याइतकाच वेळ लागतो. गिऱ्हाईक क्रोसिन मागतं तेव्हा माझा हात आपोआप जातो. डॉक्टरांचं अक्षर लागेना की मी चष्मा वर करतो. मास्तर चष्मा वर करतच नव्हता.

म्हणून एक प्रयोग केला. रिव्हरला पॉट दोनशेच्या घरात असताना पाच रुपयांची बेट. इतकी हास्यास्पद बेट कुणी करत नाही. माणूस गोंधळतो, हसतो, किंवा पाच तर पाच म्हणून पानं बघून घेतो. दोनशेसाठी पाच! हातात काही नसलं तरी समोरच्याचं पान बघायची खाज असतेच. मी सहा वेळा केलं. मास्तरने सहाही वेळा पानं टाकली. तीन सेकंदांत. जोडी लागली नाही आणि बेट आली तर टाक, असं कुणीतरी त्याला लिहून दिलं होतं आणि बेट केवढी हे बघायला सांगायचं राहिलं होतं.

साइटला कळवलं, डावांचे नंबर दिले. पाच आठवड्यांनी खातं दिसेनासं झालं आणि माझ्या खात्यात ६४० रुपये जमा झाले. हे सगळीकडे चालतं. पार्टीपोकर या परदेशी साइटने २०१८च्या डिसेंबरपासून चार महिन्यांत २७७ बॉट खाती, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम खेळवणारी, बंद केल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं.

पण मास्तर ही गावठी जात. २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं, आणि ते यंत्र पॉटच्या कित्येक पट बेट टाकायचं. म्हणजे ८७ साठी ४६०. अगदी आगलाव्या! दोन वर्षांनी प्लुरिबस नावाचं तसलंच यंत्र आलं, सहा जणांच्या टेबलावरचं, आणि ते शिकवून तयार करायला दीडशे डॉलरपेक्षा कमी खर्च येईल असं करणाऱ्यांनी लिहिलं. हे वाचल्यावर मी वहीत आगलाव्याच्या पानावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. मग तो हसरा चेहरा आठवला आणि खोडून टाकलं.

आणि मग मलाच मेल आला. माझ्या खेळाचा नमुना 'संशयास्पद' आहे, खातं तात्पुरतं गोठवलंय, एक तास खेळतानाचा व्हिडिओ पाठवा. त्यात तुमचे हात, माउस, स्क्रीन आणि खोली एकत्र दिसली पाहिजे. राग आला. मग वही उलटी धरल्यासारखं स्वतःकडे पाहिलं. रोज अकराला हजर. रोज एकला बाहेर. चार टेबलं. डावात पहिलं रेज माझं असलं तर पंधराच रुपये. चार वर्षांत चॅटमध्ये एक अक्षर नाही.

रविवारी रात्री ग्लुकोज पावडरच्या डब्यावर मोबाइल टेकवून रेकॉर्डिंग लावलं. सगळी चाळीस मिनिटं मी इतका ताठ बसलोय की आज बघताना मलाच शंका येते. एकेचाळिसाव्या मिनिटाला मागचं दार उघडतं. आई येते, पंख्याचं बटण एकाने कमी करते, स्क्रीनकडे बघते.

"अजून तेच का? झोप की आता. सकाळी दुकान कोण उघडणार, ते पत्ते?"

मी वळून "आई, रेकॉर्डिंग चालूय" म्हणतो, आणि तेवढ्यात पाळीची वेळ संपून माझी दोन राण्यांची जोडी आपोआप पडते.

आठ दिवसांनी खातं चालू झालं.